वाशिष्ठीच्या खाडीतील शीड आणि डिझेल इंजिन : देखभालीच्या इतिहासाची एक बाजू

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे सर्वपरिचित झाले. १९६२ पासून कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस पोफळीला उतरू लागले. पुढे तिसऱ्या टप्प्यात तेच पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात अडवून त्यापासून पुन्हा वीज काढण्यात आली. तेथून सुटणारे अवजल वाशिष्ठीस मिळते आणि चिपळूण, गोवळकोट असे करीत दाभोळच्या मुखाशी समुद्रात जाते. या एकाच नदीच्या दोन टोकांना साधारणतः एकाच काळात दोन प्रकारची यंत्रे आली. वरच्या टोकास महाकाय जलचक्रे आली, आणि ती अखंड फिरावीत म्हणून शासनाने अभियंते, कारागीर व त्यांची कुटुंबे यांची एक नवी वस्तीच उभारली. खालच्या टोकास शिडाच्या होडीत लहानसे डिझेल इंजिन बसले. त्याची निगा कोणी राखावी, याचा विचार मात्र इंजिन येऊन गेल्यावर सुरू झाला. या दुसऱ्या यंत्राच्या देखभालीचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

होड्यांच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास सामान्यतः कर्जे, अनुदाने आणि बसविलेल्या इंजिनांची संख्या यांच्या आधारे लिहिला जातो. ही साधने उपयुक्त आहेत. परंतु इंजिन होडीत बसले म्हणजे होडी यांत्रिक झाली, असे गृहीत धरण्यात मोठी चूक आहे. बसविलेले इंजिन वर्षातून किती दिवस चालले, हे त्या आकड्यांत येत नाही. माझ्या मते, यांत्रिकीकरण पुरे झाले असे ज्या क्षणी म्हणता येईल तो क्षण इंजिन विकत घेण्याचा नसून होडीतून शीड कायमचे उतरविण्याचा आहे. कारण बंद पडलेल्या इंजिनावरील उपाय म्हणूनच शीड दीर्घकाळ जवळ बाळगले गेले.

कोकणची किनारपट्टी यंत्राला अपरिचित नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई ते गोवा या मार्गावर आगबोटी नियमित चालू झाल्या होत्या. तरीही मचवे, पडाव, गलबते यांचा संसार वाफेने मोडला नाही. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील शिडाच्या नौकांची जी तपशीलवार नोंद आहे, तीच याची साक्ष होय. बाष्पक, कोळसा आणि गोडे पाणी एवढा परिवार लहान होडीच्या पोटात मावत नाही. वाफेने किनाऱ्यावरील प्रवास बदलला. कोळ्याच्या आणि खारव्याच्या हातातील काम होते तसेच राहिले.

रूडोल्फ डिझेल याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. पण आरंभीची ती यंत्रे अवजड होती. १९२७ मध्ये बॉश कारखान्याने इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हा लहान, वेगवान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. या इंजिनात ठिणगीची योजना नसते. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेट घेते. त्यामुळे समुद्राच्या दमट हवेत पेट्रोल इंजिनाची जी विद्युत्सामग्री वरचेवर दगा देते, तिची कटकट येथे नाही; शिवाय आगीचे भयही कमी. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने केली. १९४६ मध्ये खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देशावर इंजिनाचा मोठा गिऱ्हाईक शेतकरी होता. विहिरीवरचे इंजिन पक्क्या चौथऱ्यावर बसते आणि गोड्या पाण्याने थंड होते. होडीतले इंजिन सतत हलणाऱ्या लाकडावर बसते आणि पुष्कळदा खाऱ्या पाण्याने थंड होते. यंत्र एकाच कुळातले असले तरी दोघांची दुखणी अगदी निराळी.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला सरकारी पातळीवर चालना मिळाली. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार होऊन पुढील वर्षी केरळच्या किनाऱ्यावर प्रकल्प सुरू झाला. १९५३ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने मच्छीमार नौकांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. जुन्या शिडाच्या होडीतच इंजिन बसवावे, की त्यासाठी नव्या घाटाची होडी बांधावी, हा त्या काळातील मोठा वाद होता. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर पहिला मार्ग बराचसा चालला, कारण सातपाटीसारख्या ठिकाणच्या होड्यांची बांधणी मुळातच इंजिनाला अनुकूल होती.

परंतु शिडाची होडी आणि इंजिन यांचा संसार सरळ नव्हता. शिडाचा जोर वरून, डोलकाठीतून येतो. पंख्याचा जोर मागून, दांड्यातून येतो. लाकडी होडी पाण्यात उतरली की फुगते आणि आपला आकार किंचित बदलते. किनाऱ्यावर अचूक एका रेषेत बसविलेले इंजिन व पंख्याचा दांडा पाण्यात गेल्यावर एका रेषेत राहतीलच असे नाही. ही जुळणी होडी तरंगती असतानाच पुन्हा तपासावी लागते. न तपासल्यास इंजिन थरथरते, बेअरिंगे झिजतात, आणि दांडा जेथे होडीबाहेर पडतो तेथून पाणी आत येऊ लागते. तेथील पॅकिंग आवळावे, पण थेंबथेंब पाणी गळू द्यावे, हा नियम नवख्याला विचित्र वाटतो. गळतीचा थेंबच दांड्याला थंड ठेवतो. तो पूर्ण बंद केला तर दांडा तापून झिजतो.

इंजिन बंद पडण्याची कारणे पाहता, त्यांतील बहुतेक यंत्राच्या दोषातून नव्हे तर तेल, पाणी आणि हवा यांच्या नको त्या ठिकाणी होणाऱ्या प्रवेशातून उद्भवतात, असे दिसून येते. डिझेलच्या टाकीत अर्धी जागा रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आत दव धरते. ते पाणी तळाशी साचते आणि होडी डुलली की नळीत शिरते. गाळणी तुंबते. नळीचा एखादा सांधा सैल झाला की इंजिन हवा घेते, आणि हवा दाबली जात असल्याने पंप तेल ढकलीत नाही. मग गाळणीपासून क्रमाने एकेक स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हवा काढावी लागते. शीतनाचे पाणी घेणाऱ्या जाळीत चिखल, शेवाळ आणि अलीकडे प्लॅस्टिक अडकते, पंपातील रबरी चक्राची पाती तुटतात, इंजिन तापते. खाऱ्या पाण्याचे तापमान फार चढले की क्षार आतल्या वाटांवर पुटे धरतात. ही पुटे वर्षानुवर्षे वाढत जातात, म्हणून असे इंजिन गोड्या पाण्याच्या इंजिनापेक्षा थंड चालवावे लागते. धुराचा रंग हीच निदानाची पहिली खूण : काळा धूर असेल तर हवा कमी अथवा भार जास्त, निळा असेल तर वंगण जळते आहे, पांढरा असेल तर तेल न पेटता जात आहे किंवा पाणी आत आले आहे. वंगण दुधासारखे दिसू लागले की पाणी तेथवर पोचले, असे समजावे.

यात पावसाळ्याचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. आगोट लागण्यापूर्वी होडी वर ओढणे, फटी भरणे, तेल देणे, नारळी पौर्णिमेस पुन्हा दर्याची पूजा करणे, हे चक्र शिडाच्या काळापासूनचे आहे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी ठरली. विश्रांतीने लाकडाचे भले होते. इंजिनाचे मात्र त्याच विश्रांतीत सर्वाधिक नुकसान होते. आत राहिलेले खारे पाणी, आम्ल झालेले जुने वंगण आणि श्रावणातली दमट हवा यांमुळे दोन महिन्यांत जेवढा गंज चढतो तेवढा चालत्या इंजिनाला चढत नाही. म्हणून बंद करण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुणे, वंगण आधीच बदलणे, टाकी भरून ठेवणे आणि मधूनमधून हाताने फिरविणे ही कामे आवश्यक ठरतात. जुन्या चक्रात यांपैकी एकही काम नव्हते.

ज्ञानाचे अधिकारी कसे बदलले, हेही येथे पाहिले पाहिजे. शिडाच्या होडीची दुरुस्ती सुतार, लोहार आणि स्वतः तांडेल यांच्या हातची होती. लोहार नांगर घडवू शकतो, खिळे करू शकतो. पण इंधनपंपाचा दट्ट्या आणि त्याचे घर यांतील अंतर मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचे असते, तेथे त्याची कानस चालत नाही. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीने ही सामग्री देशात बनविण्यास सुरुवात केली. तरीही पंप बिघडला की तो काढून शहरातील पंप तपासणाऱ्या कारखान्यात न्यावा लागे, आणि तोवर होडी धक्क्यावर बांधून राही. तांडेलाशेजारी 'ड्रायव्हर' हा नवा मानकरी आला. १९६३ मध्ये एर्नाकुलम येथे मच्छीमार नौकांवरील कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशिक्षण संस्था निघाली. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षणक्रमातही डिझेल इंजिनाची देखभाल समाविष्ट झाली. पण पुष्कळसे ज्ञान हाताखाली काम करूनच पसरले, याला भाषेचा पुरावा आहे. गलबत, मचवा, पडाव हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात सापडतात; इंजिनाच्या भागांची नावे मात्र इंग्रजीतून आली, आणि क्रियापदे मराठीच राहिली. इंजिन 'तापते', 'ऑईल खाते', 'एअर घेते'. ही भाषा पाठ्यपुस्तकातली नव्हे. दुखणेकऱ्याशी बोलणाऱ्या माणसाची आहे.

मिळकतीच्या वाट्यांतही इंजिन हा नवा वाटेकरी झाला. होडी, जाळे आणि माणसे यांच्या जोडीला डिझेल व दुरुस्ती यांचा खर्च आधी वजा होऊ लागला, आणि इंजिन ज्याचे त्याचे पारडे जड झाले. इंजिन बिघडले तर मालकाचे भांडवल अडकते हे खरे. पण खलाश्याचा त्या दिवसाचा वाटाच बुडतो. या कारणाने सहकारी संस्थांच्या खतावण्या आणि सुट्या भागांच्या दुकानांतील उधारीच्या वह्या ही इतिहासाची साधने अनुदानाच्या अहवालांइतकीच मोलाची मानली पाहिजेत.

लहान इंजिने हाताने हँडल फिरवून चालू करता येत. पुढे मालमोटारीच्या जातीची सहा सिलिंडरांची इंजिने आली. ती बॅटरीवाचून सुरू होत नाहीत. त्याच सुमारास डोलकाठी आखूड होत गेली आणि शीड माळ्यावर गेले. दोन्ही उपाय एकदम हातचे गेले असता आज भर समुद्रात इंजिन थांबले, तर तांडेल बिनतारी यंत्रावरून किंवा मोबाईलवरून जवळच्या होडीला हाक देतो, आणि ती होडी आपले जाळे ओढून घेऊन, दोर टाकून, हिला बंदरापर्यंत ओढून आणते.