रोद्निना, इरिना

(१२ सप्टेंबर १९४९– ). रशियाची श्रेष्ठ फिगर स्केटिंगपटू. बर्फावरील जोडी प्रकारातील तिच्या कामगिरीची बरोबरी आजवर कोणाला करता आलेली नाही. साप्पोरो (१९७२), इन्सब्रुक (१९७६) आणि लेक प्लॅसिड (१९८०) अशा लागोपाठ तीन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत तिने सोव्हिएत संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. १९६९ पासून १९७८ पर्यंत सलग दहा वर्षे ती जगज्जेती होती, तर युरोपीय अजिंक्यपद तिने अकरा वेळा पटकावले. पहिले ऑलिंपिक सुवर्ण आणि चार जागतिक विजेतेपदे तिने अलेक्सेई उलानोवबरोबर मिळवली. पुढची दोन सुवर्णपदके आणि सहा जागतिक विजेतेपदे अलेक्झांडर झाइत्सेवबरोबरची आहेत. खेळ दोघांचा. एक जोडीदार गेला, दुसरा आला, तरी विजयाची माळ तुटली नाही. केवळ पदकांच्या संख्येवरून तिचे मोठेपण पूर्ण कळत नाही ते यासाठीच.

जोडी स्केटिंगमध्ये एक पुरुष आणि एक स्त्री संगीताच्या तालावर बर्फावरून वेगाने फिरत उड्या, गिरक्या आणि उचली सादर करतात. पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलून धरतो आणि त्याच वेळी स्वतःही फिरत पुढे सरकत असतो. ‘डेथ स्पायरल’ या प्रकारात तो स्केटचे टोक बर्फात रोवून जागच्या जागी फिरतो आणि ती त्याच्या एका हाताच्या आधाराने, जवळजवळ बर्फाला समांतर आडवी होऊन, त्याच्याभोवती वर्तुळ काढते. पण जाणकारांची नजर याहून साध्या दिसणाऱ्या गोष्टीवर असते. दोघे एकमेकांना न धरता, शेजारी शेजारी, एकाच क्षणी तीच उडी मारतात आणि एकाच क्षणी बर्फावर उतरतात. स्केटचे पाते जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे. त्याच्या तळाला मधोमध खोलगट खाच असल्याने आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. सगळा तोल यांतल्या एका धारेवर सांभाळायचा असतो. एकाची धार किंचित चुकली तरी दोघांतले अंतर बदलते आणि पुढची सगळी मांडणी बिघडते. बर्फावरचे नृत्य हा प्रकार यापासून वेगळा आहे. त्यात डोक्यावरच्या उचलींना आणि अशा उड्यांना स्थान नाही.

जोडी प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९०८ साली सेंट पीटर्सबर्गला सुरू झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्येही या खेळाला जागा मिळाली. भारतात तो रुजला नाही याचे कारण हवामानातच आहे.   शिमल्याला मात्र १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे रिंगण आहे आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला बंदिस्त रिंगण उभारले गेले. आपल्या मुलांना स्केटिंग माहीत आहे ते चाकांचे. त्या चाकांच्या जोडी प्रकारात अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. बर्फाचा स्पर्श नसतानाही जोडीच्या खेळात आपले खेळाडू कुठवर जाऊ शकतात, हे त्या पदकाने दाखवले. त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, याची खंत वाटते.

रोद्निनाचा जन्म मॉस्कोत झाला. वडील लष्करी अधिकारी, तर आई मूळची युक्रेनमधली, ज्यू कुटुंबातली. लहानपणी इरिनाला वारंवार न्यूमोनिया होत असे. मोकळ्या थंड हवेत हालचाल झाली तर मुलीची प्रकृती सुधारेल या आशेने आईवडिलांनी तिला पाचव्या वर्षाच्या सुमारास बागेतल्या बर्फाच्या रिंगणावर नेले. पुढे ती सेनेच्या क्रीडा क्लबात, त्सेएसकामध्ये शिकू लागली. तिथे काही काळ चेकोस्लोव्हाकियाहून आलेल्या प्रशिक्षकांकडे तिचे शिक्षण झाले आणि ती एकेरीकडून जोडी प्रकाराकडे वळली. साठच्या दशकाच्या मध्याला ती स्तानिस्लाव झूक या प्रशिक्षकाच्या हाताखाली आली. झूकने तिची जोडी उलानोवबरोबर जमवली.

झूक कमालीचा कडक होता. सोव्हिएत जोडी स्केटिंगवर त्या वेळी ल्युदमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव या दांपत्याची छाप होती. १९६४ आणि १९६८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांचीच. त्यांचे स्केटिंग संथ आणि लांब रेषांचे होते, बॅलेच्या अंगाने जाणारे. झूकने नेमका उलटा रस्ता धरला. जेमतेम पाच फूट उंचीची रोद्निना लांब रेषांच्या त्या शैलीत शोभली नसती हे त्याने ओळखले आणि तिच्याकडे जे होते त्यावर भर दिला. तिचे पाय दणकट होते, दम अफाट होता आणि वेगाची भीती तिला ठाऊक नव्हती. अवघड उड्या, त्याही शेजारी शेजारी आणि भरधाव वेगात, हे या जोडीचे वैशिष्ट्य ठरले. १९६९ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथील युरोपीय स्पर्धेत या नवख्या जोडीने बेलोउसोवा आणि प्रोतोपोपोव यांना मागे टाकले. पाठोपाठ कोलोरॅडो स्प्रिंग्जला ती जगज्जेती झाली. त्या वेळी रोद्निना एकोणीस वर्षांची होती. या विजयाने जोडी स्केटिंगचे वळणच बदलले. काव्यात्मकता गेली आणि कसरत आली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तिच्या वेगालाही स्वतःचे सौंदर्य होते आणि ते पाहणाऱ्याला खुर्चीच्या कडेवर आणून बसवणारे होते, हे मान्य करावे लागते.

१९७२ हे वर्ष तिच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. साप्पोरोला तिने आणि उलानोवने सुवर्णपदक जिंकले. रौप्यपदक ल्युदमिला स्मिर्नोवा आणि आंद्रेई सुराइकिन या सोव्हिएत जोडीला मिळाले. उलानोव आणि स्मिर्नोवा एकमेकांच्या प्रेमात होते आणि यापुढे आपण एकत्र स्केटिंग करायचे असे त्यांनी ठरवले होते. म्हणजे विजयाच्या शिखरावर असतानाच जोडी फुटणार हे रोद्निनाला कळून चुकले होते. त्यानंतर महिनाभरातच कॅलगरीला जागतिक स्पर्धा होती. तिथे सरावात उचलीवरून ती खाली आदळली, डोक्याला जबर मार बसला आणि तिला रुग्णालयात हलवावे लागले. तरीही ती रिंगणात उतरली, घेरी येत असताना तिने कार्यक्रम पूर्ण केला आणि चौथे जागतिक विजेतेपद मिळवले. आजच्या वैद्यकीय नियमांत अशा अवस्थेत कोणी तिला खेळू दिले नसते, आणि तेच योग्य आहे. यानंतर स्केटिंग सोडण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला.

झूकने लेनिनग्राडच्या एका तरुणाला पुढे आणले. अलेक्झांडर झाइत्सेव (जन्म १६ जून १९५२) तिच्यापेक्षा जवळपास तीन वर्षांनी लहान, उंच, उड्यांत पक्का, पण आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा अनुभव नसलेला. वर्षानुवर्षे एकत्र घोटलेल्या जोडीला जे जमते ते या दोघांनी काही महिन्यांत साधले. १९७३ च्या आरंभी कोलोनच्या युरोपीय स्पर्धेत पंचांनी त्यांना १२ वेळा पैकीच्या पैकी, म्हणजे ६.० गुण दिले. तो विक्रम होता.

त्यानंतर ब्रातिस्लाव्हा. १९७३ ची जागतिक स्पर्धा चेकोस्लोव्हाकियात होती आणि १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे त्या देशात शिरले त्याला पाच वर्षेही झाली नव्हती. रोद्निना आणि झाइत्सेव यांचा शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेतला पहिला छोटा कार्यक्रम, सुरू होता आणि मध्येच संगीत बंद पडले. नियमाने त्यांना थांबता आले असते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या झूकने चालू ठेवा अशी खूण केली आणि दोघे थांबले नाहीत. सभागृहात आता फक्त पात्यांचा आवाज उरला. मोजायला ताल नाही, एकमेकांना इशारा द्यायला सूर नाही. सरावात अंगात भिनलेली मोजणी तेवढी सोबतीला होती. उड्या एकाच वेळी पडत होत्या, गिरक्या एकाच वेळी सुटत होत्या. प्रेक्षकांनी आधी टाळ्यांनी साथ धरली आणि शेवटी उभे राहून दाद दिली. पुन्हा संगीतासह सादर करण्याची मुभा त्यांनी नाकारली आणि बिनसंगीताच्या कार्यक्रमाचे जे गुण पडले ते स्वीकारले. विजेतेपद त्यांचेच झाले. दुसरा क्रमांक स्मिर्नोवा आणि उलानोव यांचा होता. शॉर्टसर्किटमुळे संगीत बंद पडले असे सांगण्यात आले. आक्रमणाच्या रागातून कोणी ते मुद्दाम बंद केले असावे हा संशयही कायम राहिला. कारण काहीही असो, त्या काही मिनिटांत एक गोष्ट सिद्ध झाली. वर्षभरही जुनी नसलेली ही जोडी संगीताच्या आधारावर उभी नव्हती. जोडी स्केटिंगच्या इतिहासातला एकच प्रसंग निवडायचा झाला, तर प्रस्तुत लेखक हाच निवडेल.

१९७४ मध्ये दोघांनी झूकला सोडले आणि तात्याना तारासोवाकडे सराव सुरू केला. विख्यात हॉकी प्रशिक्षक अनातोली तारासोव यांची ही मुलगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तंत्र झूकने पक्के केलेच होते. तारासोवाने त्यात भाव आणि नाट्य आणले. ‘कालिंका’ या रशियन गीतावरचे या जोडीचे सादरीकरण अतिशय गाजले. १९७५ मध्ये रोद्निना आणि झाइत्सेव विवाहबद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी इन्सब्रुकला त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

१९७८ चे दहावे जागतिक विजेतेपद ओटावाला मिळाले. नॉर्वेची सोन्या हेनी आणि स्वीडनचा उलरिख साल्खो यांनी एकेरीत प्रत्येकी दहा जागतिक विजेतेपदे मिळवली होती. त्यांच्या पंक्तीला ती बसली. १९७९ च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. त्या हंगामात ती खेळली नाही आणि व्हिएन्नाचे जागतिक विजेतेपद अमेरिकेच्या ताई बॅबिलोनिया आणि रॅन्डी गार्डनर यांच्याकडे गेले. बाळंतपणानंतर वर्षभरात, तिशी ओलांडलेल्या खेळाडूने पुन्हा ऑलिंपिकला उतरणे त्या काळी अशक्यप्राय मानले जात असे. त्यात लेक प्लॅसिड अमेरिकेत, अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाला जेमतेम दोन महिने झालेले आणि प्रेक्षकांचा सगळा जीव घरच्या जोडीत अडकलेला. प्रत्यक्षात ती लढत झालीच नाही. जांघेच्या दुखापतीमुळे गार्डनर शॉर्ट प्रोग्रॅमआधीच्या सरावात पुन्हा पुन्हा पडला आणि अमेरिकन जोडीला माघार घ्यावी लागली. रोद्निना आणि झाइत्सेव यांनी निर्दोष कार्यक्रम करून सुवर्ण घेतले. राष्ट्रगीत वाजताना विजयमंचावर तिच्या डोळ्यांतून ओघळलेले अश्रू दूरचित्रवाणीवर जगाने पाहिले आणि सोव्हिएत प्रेक्षकांच्या एका पिढीच्या मनात ते दृश्य कायमचे राहिले. त्यानंतर तिने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली.

तिने रूढ केलेली वेगवान शैली पुढच्या सोव्हिएत जोड्यांनी उचलली. १९६४ पासून २००६ पर्यंतच्या सलग बारा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचे सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन परंपरेतल्या जोडीकडेच राहिले. त्यातले २००२ चे सुवर्ण पंचगिरीच्या वादामुळे कॅनडाच्या जोडीबरोबर वाटून घ्यावे लागले. ही साखळी २०१० मध्ये व्हँकूव्हरला चीनच्या शेन श्युए आणि चाओ होंगबो यांनी तोडली.

झाइत्सेवशी तिचा घटस्फोट झाला; नंतर तिने दुसरा विवाह केला. १९९० मध्ये ती अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेडला प्रशिक्षक म्हणून गेली. तिने शिकवलेल्या राद्का कोवार्झीकोवा आणि रेने नोवोत्नी या चेक जोडीने १९९५ मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक विजेतेपद मिळवले. ब्रातिस्लाव्हाची आठवण असणाऱ्याला या यशाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रशियाला परतल्यावर ती राजकारणात आली आणि २००७ च्या निवडणुकीनंतर ‘संयुक्त रशिया’ या सत्ताधारी पक्षाची सदस्य म्हणून ड्युमात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, दाखल झाली. अमेरिकी कुटुंबांना रशियन मुले दत्तक घेण्यास बंदी करणाऱ्या २०१२ च्या कायद्याला तिने पाठिंबा दिला. २०१३ मध्ये बराक ओबामा यांचे वर्णद्वेषी छायाचित्र तिच्या ट्विटर खात्यावरून प्रसृत झाले आणि तिच्यावर जगभरातून टीका झाली. ती टीका रास्त होती. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‍घाटनात हॉकीचा महान गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याच्यासह ऑलिंपिक ज्योत प्रज्वलित करण्याचा मान तिला मिळाला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, पाश्चात्त्य देशांनी ड्युमाच्या सदस्यांवर घातलेल्या निर्बंधांच्या यादीत तिचेही नाव आले. आईकडून तिची मुळे त्याच युक्रेनमध्ये आहेत.