शालेय मैदानावरील समालोचन

गोदावरीच्या दक्षिणेकडील गेवराई तालुका सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. कचेरीचे दप्तर उर्दूत चाले, परंतु सरकारी हुकूम रयतेच्या कानी घालावयाचा तर दवंडीचाच आश्रय घ्यावा लागे. मैदानी समालोचनाचे मूळ मला या दवंडीत आणि कुस्तीच्या फडात जोड पुकारणाऱ्याच्या आवाजात दिसते. पुढे आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे मराठी समालोचन घरोघरी पोहोचविले, आणि दृष्टीआडचा खेळ केवळ शब्दांनी उभा करता येतो, याची प्रचीती खेड्यातील श्रोत्यासही आली.

शालेय कबड्डीच्या हौशी समालोचकाचे काम त्याहून निराळे व, माझ्या मते, अधिक बिकट आहे. कारण खेळ श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर चाललेला असताना, तीस सेकंदांच्या चढाईत खेळाडूचे नाव, बोनस रेषा, पकड आणि लोण चढल्यास मिळणारे दोन जादा गुण, हे सारे सांगून प्रतिपक्षाच्या मुलांचेही तितक्याच मुक्तकंठाने कौतुक करावे लागते. बहुधा एखादे शिक्षकच ही सेवा विनावेतन करतात. निकालपत्रात गुण राहतात, आवाज राहत नाही. गेवराईच्या शाळांनी तो ध्वनिमुद्रित करून जतन करावा.