आसरांचा फोटो

नांदेड-लातूरकडे जुन्या विहिरीच्या काठावर नाहीतर नदीच्या डोहाशेजारी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले दिसले, की ते कोण हे गावातल्या बाईला विचारावं लागत नाही. त्या साती आसरा. लग्न झालं, बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर गेली, की त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभात. कुणी भरदुपारी विहिरीवरून आलं आणि तापानं फणफणलं, तर ‘आसरा लागल्या’ हे निदान म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ठरलेलं.

‘आसरा’ हा शब्द अप्सरेपासून आला असं मानतात. ‘परी’ मात्र फारसीतली. आसरांची नावं ऐकली तर पंखांची आशाच सोडावी लागते : मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासोळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर असा हा पाणथळ परिवार. आणि पूजेतल्या दगडांना ना नाक, ना डोळे. ज्यांना चेहराच दिला नाही, त्यांचा फोटो कुणी मागणार कसा?

इंग्लंडातल्या पऱ्यांना मात्र चेहरा होता, पंख होते आणि १९१७च्या उन्हाळ्यात त्यांचा फोटोही निघाला. यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा घेऊन ओढ्यावर गेल्या. कॅमेऱ्यातली काच धुतली तर फ्रान्सिसच्या पुढ्यात चार पऱ्या नाचताना दिसल्या. वडिलांनी विश्वास ठेवला नाही. पण फोटो थिऑसॉफिकल सोसायटीच्या एडवर्ड गार्डनर यांच्याकडे पोचले. मद्रासजवळच्या अड्यारला मुख्यालय असलेली हीच ती सोसायटी. पुढे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १९२०च्या ‘स्ट्रँड’ मासिकात ते छापून आणले. तोवर मुलींनी असे एकूण पाच फोटो काढले होते.

छापण्याआधी तपासणीही झाली होती. फोटोतज्ज्ञ हॅरॉल्ड स्नेलिंग यांनी काच पारखली आणि सांगितलं, एकावर एक दोन चित्रं घेतलेली नाहीत, काचेवर कारागिरी नाही. कोडॅकच्या माणसांनाही लबाडीची खूण सापडली नाही; तरी त्यांनी खरेपणाचा दाखला द्यायला नकार दिला.

गंमत अशी, की काच खरोखरच खरी होती. खोट्या होत्या त्या काचेसमोरच्या पऱ्या. १९१४च्या एका भेटपुस्तकातल्या चित्रांवरून कागदावर काढलेल्या, कात्रीनं कापलेल्या आणि हॅटच्या पिनांनी गवतात खोचलेल्या. त्याच पुस्तकात खुद्द डॉयल यांचीही एक गोष्ट होती! १९८३ मध्ये दोघींनी हे कबूल केलं, तरी पाचवा फोटो खरा असल्याचं फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली. कॅमेऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. समोर काहीतरी उभं होतं, एवढंच त्यानं सांगितलं. ते कागद की परी, हे ठरवलं पाहणाऱ्यांनी.

त्याच १९१७ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. पडद्यावर मारुती उडाला, राम दिसताच लोकांनी पायताणं काढली. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या. फाळके एकेकाळी फोटोग्राफर होते, आणि स्वतःचं नाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोगही करत. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा चित्रपटही त्यांनीच काढला. हात जोडणाऱ्या प्रेक्षकानं मारुतीच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ती फिल्म कधी पुढे केली नाही. त्याला तो पुरावा नकोच होता.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. राजधानी हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथे कॅमेऱ्यामागे बाईच असे. ज्यांना परपुरुषानं पाहिलं नव्हतं त्यांचे फोटो निघाले, पण त्या बायका खरंच आहेत का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. त्यांची घरं होती, नाती होती. फोटोवरचा विश्वास असा फोटोच्या बाहेरून येतो.

अप्सरांचे फोटो हवेच असतील तर देगलूर तालुक्यातल्या होट्टलला जावं, नाहीतर निलंग्याच्या नीलकंठेश्वराला. देवळांच्या भिंतींवर सुरसुंदरी उभ्या आहेत. त्यांच्या फोटोवरून स्वर्गाचा पत्ता लागत नाही. पण त्या काळच्या कारागिरानं अंबाडा कसा पाहिला, मेखला कशी घडवली, हे नेमकं कळतं. कॉटिंग्लीच्या पऱ्यांचेही केस त्या वेळच्या पॅरिसच्या फॅशनचे आहेत, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

श्रद्धेला पुरावा लागत नसला, तरी धंद्याला लागतो. ऑगस्ट २०१३ मध्ये अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्याखालचा पहिला गुन्हा सप्टेंबरात नांदेडमध्येच नोंदवला गेला, असाध्य रोग चमत्कारानं बरे करण्याच्या दाव्यावरून. विहिरीवरच्या सात दगडांना त्या कायद्यानं हात लावलेला नाही.

आसरांचं घर पाणी, आणि २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला तेच उरलं नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ ही रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या फोटोंना कुणी खोटं म्हटलं नाही, कारण रिकाम्या घागरी घरोघर होत्या.

त्याच वर्षी पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. भरल्या पाण्याची ओटी भरायची रीत इकडे जुनी आहे. आता ओटी भरताना मोबाइलवर फोटो निघतो. त्यात बायका येतात, खण येतो, नारळ येतो आणि मागे गढूळ पाणी.