‘प्यासा’ : एका ध्रुवपदाचे स्थलांतर

हिंदी चित्रपटगीतांविषयी बोलताना आपण साहित्याचे वाचक एक गोष्ट नकळत गृहीत धरतो : कविता पडद्यावर येताना सुबोध होते आणि सुबोध होताना तिचे सत्त्व उणावते. गुरुदत्त यांच्या ‘प्यासा’तील (१९५७) एका गीताचा इतिहास हे गृहीत पुन्हा तपासायला लावतो.

साहिर लुधियानवी यांच्या ‘तल्ख़ियाँ’ या संग्रहात ‘चकले’ नावाची नज्म आहे. विषय वेश्यावस्तीचा. पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणारे आज आहेत कुठे, असा सवाल तिच्या ध्रुवपदातून कवी पुनःपुन्हा करतो. शब्दकळा फारसीप्रचुर आहे. चित्रपटासाठी साहिर यांनी हे ध्रुवपद बदलले. अवघड समास गेले. स्तुतिपाठकांच्या जागी हिंदचा अभिमान बाळगणारे आले.

वरवर पाहता ही प्रेक्षकांसाठी केलेली तडजोड. आम्हांला मात्र वाटते, की येथे शब्दांबरोबर आरोपीही बदलला. ‘पूर्व’ ही एक सांस्कृतिक कल्पना. परसत्तेखालच्या समाजाने पश्चिमेसमोर मांडलेला आध्यात्मिक श्रेष्ठत्वाचा दावा तिच्यामागे उभा आहे. ‘हिंद’ म्हणजे, १९५७ साली, स्वातंत्र्याची दहा वर्षे पुरी करू पाहणारे राष्ट्र. मूळ सवाल परंपरेच्या दांभिकतेला होता. नवा सवाल थेट प्रेक्षागृहात बसलेल्या नागरिकाला आहे.

चित्रपटातील प्रसंगाने त्याची धार वाढते. आजारी मूल आत रडत असताना आईला गिऱ्हाइकांपुढे नाचावे लागते. ते न साहून कवी विजय बाहेर पडतो आणि गल्ल्यांतून अडखळत चालू लागतो. सचिनदेव बर्मन यांची चाल पठणाच्या निकट राहते. महंमद रफींचा स्वर आक्रोश करीत नाही, विचारीत राहतो. व्ही. के. मूर्तींच्या छायाप्रकाशात चेहरे उजळतात आणि विझतात.

याच विजयच्या कविता त्याच्या भावांनी रद्दीत विकल्या होत्या. त्या जपल्या गुलाबो या वेश्येने. कवितेची खरी वाचक कोण, याचे उत्तर चित्रपट असे देतो.

म्हणून वर्गात ही नज्म शिकवताना गीताला तिची सोपी आवृत्ती म्हणणे अपुरे ठरेल. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले, तर सोपा शब्द कधी कधी अधिक अवघड प्रश्न विचारतो, हे ध्यानी येईल.