आधी गाव गेलं, मग पाणी : व्हॅल्सेट्झचं तळं

धरण म्हटलं की आपल्याकडे एक क्रम डोक्यात पक्का बसलेला असतो. पाणी येतं आणि गाव उठतं. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेली गावं आठवणारी माणसं सातारा जिल्ह्यात अजून भेटतात. आज ज्या तळ्याबद्दल बोलायचंय, तिथे मात्र हा क्रम उलटा झाला.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेत व्हॅल्सेट्झ नावाचं गाव होतं. ‘व्हॅली अँड सिलेट्झ’ या रेल्वेच्या नावातली अक्षरं जोडून हे नाव झालं. १९१९च्या सुमारास एका लाकूड कंपनीने ते वसवलं. पाऊस आपल्या महाबळेश्वरची आठवण व्हावी असा, फक्त तिकडे तो हिवाळ्यात. सिलेट्झ नदीच्या दक्षिण फाट्यावर लहानसा बांध घातला आणि सॉ मिलच्या दाराशी तळं तयार केलं.

आता कुणी विचारेल, लाकूड कापायला तळं कशाला? तर वजन. डग्लस फरचा एकेक ओंडका काही टनांचा. जमिनीवर तो हलवायला यंत्र लागतं. पाण्यात एक माणूस, लांब काठी आणि तिच्या टोकाची लोखंडी आकडी पुरते. ही माणसं खिळ्यांचे बूट घालून तरंगत्या ओंडक्यांवर चालायची. साखळीने जोडलेल्या ओंडक्यांचं कुंपण करून पाण्याचे कप्पे पाडायचे. फर एकीकडे, हेमलॉक दुसरीकडे, जाड वेगळे, बारीक वेगळे. मग एकेक ओंडका चढत्या साखळीवर घालून करवतीकडे. पाण्यात चिखल-दगड धुऊन निघतात, म्हणजे करवतीचे दातही वाचतात. शिवाय भिजलेलं लाकूड वाळून तडकत नाही, त्याला आगीचं भय नाही. थोडक्यात, ते तळं म्हणजे कारखान्याचं एक यंत्रच होतं. सुंदर दिसायचं, हा योगायोग.

पुढे ओंडके उचलणारी मोठी यंत्रं आली आणि ठिकठिकाणच्या मिलवाल्यांनी ही छाननी कोरड्या अंगणात नेली. पाण्यात साल कुजते, प्राणवायू घटतो, मासे मरतात, हाही मुद्दा होताच.

पण व्हॅल्सेट्झचा शेवट तळ्यामुळे झाला नाही. घरं, दुकान, सगळं कंपनीच्या मालकीचं. मालक बदलत बॉइज कॅस्केडकडे आलं, आणि १९८४ साली तिने मिल आणि गाव दोन्ही बंद केलं. तिथे जन्मलेल्या माणसांनाही सामान बांधावं लागलं. कोयनेच्या शेतकऱ्याला भांडायला निदान सातबारा होता. (तो असूनही काय काय सोसावं लागलं, ते आपण जाणतोच.) इथे घरच भाड्याचं, कशाच्या आधारावर भांडणार?

घरं पाडली गेली. तळं मात्र काही वर्षं तसंच राहिलं, छाननीला एकही ओंडका नसताना. १९८८ साली तेही रिकामं केलं आणि नदी पुन्हा आपल्या जुन्या पात्रातून वाहू लागली.