वार्षिक शुल्काची ओळ

हॉटेलच्या नावाचे क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्या अमेरिकन ग्राहकाच्या हाती वर्षातून एकदा जे हिशेबपत्रक पडते, त्यात पेट्रोल, किराणा, औषधे आणि मुक्कामाची भाडी यांच्या रांगेत एक ओळ अशी असते, की जिच्या बदल्यात त्या महिन्यात त्याने काहीही घेतलेले नसते. ती ओळ वार्षिक शुल्काची. 95 किंवा 99 डॉलरांची ती रक्कम पाहून पुष्कळ सुजाण ग्राहक बँकेला कळवितात, की हे कार्ड बंद न करता त्याच हॉटेलचे बिनशुल्काचे कार्ड आम्हांस बदलून द्यावे. मागणी साधी आहे. परंतु उधारीचा खर्च सर्व सभासदांकडून वर्गणीरूपाने उगवावा, उधार देणाऱ्या दुकानदाराच्या नफ्यातून कापून घ्यावा, की जे फेडू शकत नाहीत त्यांच्या व्याजातून काढावा, असा जो पाऊणशे वर्षांचा वाद अमेरिकेच्या कायदेमंडळांतून, न्यायालयांतून आणि पेढ्यांतून चालत आला आहे, त्याचाच एक अंश त्या मागणीत असतो.

या वादाच्या आरंभी बँका नव्हत्याच. 1950 साली न्यूयॉर्क येथे फ्रँक मॅकनमारा आणि त्याचा वकील राल्फ श्नायडर यांनी डायनर्स क्लब स्थापिला, तेव्हा त्यांच्यासमोर होता तो फिरता व्यापारी, ज्याला रोज निरनिराळ्या उपाहारगृहांत गिऱ्हाइकांना जेवू घालावे लागे आणि ज्याला महिन्याअखेर एकच हिशेब हवा होता. सभासदाला पुठ्ठ्याचे एक लहानसे कार्ड मिळे आणि ते ज्या ठिकाणी चाले त्या उपाहारगृहांची नावे त्याबरोबर छापलेली असत. जेवणाचे बिल सही करून सोडावयाचे, क्लबाने मालकाचे पैसे चुकते करावयाचे, आणि सभासदाने महिन्याचा पुरा हिशेब एकरकमी भरावयाचा, अशी ही व्यवस्था होती. मालकाकडून क्लब शेकडा 7 वटणावळ घेई. म्हणजे शंभर डॉलरांच्या पंक्तीतून त्याच्या पदरी 93 पडत. व्याजाला या योजनेत जागाच नव्हती, म्हणून सभासदाची वार्षिक वर्गणी हा उत्पन्नाचा दुसरा न्याय्य मार्ग होता. क्लब म्हटला की वर्गणी आली, आणि ती देताना सभासदाला आपण एका निवडक मंडळात आहोत असा मानही वाटे.

हॉटेलवाले या धंद्यात मागाहून आले असे मात्र नाही. ओळखीच्या पाहुण्याला उधारीवर उतरू देण्याची चाल त्यांच्याकडे जुनीच होती, आणि अमेरिकन हॉटेल असोसिएशनने आपल्या सभासद हॉटेलांसाठी स्वतःचे एक प्रवासकार्डही चालविले होते. 1958 साली अमेरिकन एक्स्प्रेसने या धंद्यात पाऊल टाकले, तेव्हा हे कार्डच तिने सुमारे दीड लाख कार्डधारकांसह विकत घेतले. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला निघालेल्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डाची वर्गणी 6 डॉलर ठेवण्यात आली. डायनर्स क्लबची 5 होती आणि एक डॉलर अधिक घेण्यात प्रतिष्ठेचा हिशेब होता. त्याच सुमारास कॉनरॅड हिल्टनने आपल्या हॉटेलांचे उधारखाते वाढवून कार्ट ब्लांश नावाचे कार्ड सर्वांसाठी खुले केले. ती योजना पुढे हिल्टनच्या हातून निसटली आणि अनेक धनी बदलून अखेर सिटीबँकेच्या पेढीत जाऊन पडली. योगायोग असा, की त्यानंतर कित्येक वर्षांनी हिल्टनच्या नावाची काही कार्डे सिटीबँकच काढीत होती, आणि 2018 च्या जानेवारीअखेर ती सारी अमेरिकन एक्स्प्रेसकडे वर्ग झाली.

बँक ऑफ अमेरिकाने 1958 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी 60,000 कार्डे न मागता टपालाने धाडली, आणि वर्गणीच्या कल्पनेला पहिला धक्का बसला. या कार्डाला वर्गणी नव्हती. ज्याला महिन्याची रक्कम पुरी भरणे जमत नसे त्याला ती हप्त्याहप्त्याने, व्याजासह फेडण्याची मुभा होती, आणि बँकेची मुख्य मदार त्या व्याजावर होती. कार्डाचा खर्च आता सर्व सभासदांवरून उतरून कर्ज बाळगणाऱ्यांच्या अंगावर पडू लागला. पुढे व्हिसा या नावाने जगभर पसरलेले कार्ड ते हेच.

या बदलाचे खरे मर्म ज्या प्रकरणात उघड झाले, ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक असले तरी सामान्य वाचकाच्या नजरेस सहसा येत नाही. आणि माझ्या मते शुल्काच्या साऱ्या इतिहासात त्याच्याइतके बोधप्रद दुसरे काही नाही. मिनेसोटा राज्याच्या कायद्याने अशा कर्जावरील व्याज दरसाल दरशेकडा 12 वर बांधून टाकले होते, आणि त्याची भरपाई म्हणून बँकांना वर्षाला 15 डॉलरांपर्यंत शुल्क घेण्याची परवानगी दिली होती. मिनियापोलिसची मार्क्वेट नॅशनल बँक त्याप्रमाणे 10 डॉलर शुल्क घेई. नेब्रास्का राज्यातील ओमाहाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला आपल्या राज्याच्या कायद्याने हजार डॉलरांच्या आतील रकमेवर 18 टक्के व्याज घेता येत असे; तिने मिनेसोटातील गिऱ्हाइकांना बिनशुल्काचे कार्ड देऊ केले. मार्क्वेटने फिर्याद केली, की आमच्या राज्यात येऊन आमच्या कायद्याहून अधिक व्याज घेणे हे बेकायदा आहे.

मिनेसोटातील एखाद्या गृहस्थापुढे ही दोन्ही कार्डे ठेवली, तर काय दिसते? जो दर महिन्याला पुरी रक्कम भरतो त्याला ओमाहाचे कार्ड फुकट आणि मार्क्वेटचे 10 डॉलरांना पडते. पण जो वर्षभर 500 डॉलर देणे बाळगतो, त्याला साध्या व्याजाने मार्क्वेटकडे 60 डॉलर व्याज आणि 10 डॉलर शुल्क, मिळून 70 द्यावे लागतात, तर बिनशुल्काच्या ओमाहाकडे 90. सरासरी देणे सुमारे 167 डॉलरांच्या वर गेले, की फुकटचे कार्डच महाग ठरू लागते. शुल्काची ओळ नसलेल्या कार्डावर खर्च नसतो असे नाही; तो दुसऱ्या रकान्यात गेलेला असतो, आणि तो कोणाच्या नावे पडावा हे त्या माणसाच्या सवयीवरून ठरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1978 रोजी एकमताने निकाल दिला, की एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय बँक कायद्यानुसार बँक ज्या राज्यात स्थित आहे त्या राज्याचा व्याजदर ती परराज्यातील गिऱ्हाइकाला लावू शकते; राज्यांचे सावकारीविरोधी कायदे यामुळे दुबळे होत असतील, तर ती तक्रार कायदेमंडळाकडे न्यावी. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रेनन यांनी. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष असेल. पण अल्प उत्पन्नाच्या ऋणकोचे जे संरक्षण एका राज्याने विचारपूर्वक उभे केले होते, ते दुसऱ्या राज्याच्या औदार्यावर सोडून दिले गेले, ही गोष्ट मला आजही खटकते.

पुढील घडामोडी झपाट्याने झाल्या. साउथ डकोटाने व्याजावरील मर्यादा उठविली, आणि 1981 मध्ये सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून त्या राज्यातील सू फॉल्स येथे हलविला. मधल्या काळात, 14 मार्च 1980 रोजी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी महागाईला आळा म्हणून उधारीवर निर्बंध जाहीर केले; पैसा महागलेला, आणि अनेक राज्यांत व्याजाला मर्यादा असलेली, अशा कोंडीत सापडलेल्या बँकांनी आजवर फुकट असलेल्या कार्डांवर वार्षिक शुल्क बसविले. निर्बंध काही महिन्यांतच उठले, पण शुल्क तसेच राहिले. त्याला उतार पडला तो स्पर्धेने. सीअर्स या दुकानसाखळीने 1986 मध्ये डिस्कव्हर हे बिनशुल्काचे कार्ड देशभर आणले, आणि 1990 मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने पहिल्या वर्षात येणाऱ्यांना जन्मभर शुल्कमाफी देऊ केली. त्यानंतर साध्या कार्डावर शुल्क मागणे बँकांना जड जाऊ लागले.

ज्या कार्डांवर शुल्क टिकले, त्यांत हॉटेलांची कार्डे ठळक आहेत, आणि त्याचे कारण 1983 सालात सापडते. विमानकंपन्यांच्या पाठोपाठ त्या वर्षी हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी वारंवार उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी गुणांच्या योजना सुरू केल्या. हिल्टन आणि हयात 1987 मध्ये आले. पुढे बँका हे गुण हॉटेलांकडून घाऊक विकत घेऊन कार्डधारकाला खर्चाच्या प्रमाणात वाटू लागल्या. त्यात भर पडली वर्षाकाठी मिळणाऱ्या एका मोफत रात्रीची. आयएचजी या हॉटेलसमूहाचे चेस बँकेकडील जुने कार्ड याचे उत्तम उदाहरण: शुल्क 49 डॉलर, आणि त्याबदल्यात समूहाच्या कोणत्याही हॉटेलात एक रात्र, मग ते महानगरातील इंटरकाँटिनेंटल का असेना. त्या काळी हे कार्ड सोडणे म्हणजे हातचे घबाड सोडणे होते. 2018 मध्ये ती रात्र 40,000 गुणांपर्यंत मिळणाऱ्या मुक्कामापुरतीच मर्यादित झाली आणि नव्या कार्डाचे शुल्क वाढले. 2023 मध्ये हिल्टनच्या सरपास कार्डाचे शुल्क 95 वरून 150 डॉलरांवर गेले.

याच वर्षांत बिनशुल्काची बहीणकार्डेही निघाली. हिल्टनचे साधे अमेरिकन एक्स्प्रेस कार्ड शुल्काविना होतेच. 2018 मध्ये आयएचजीचे ट्रॅव्हलर, 2019 मध्ये मॅरियटचे बोल्ड, 2020 मध्ये विंडमचे अर्नर ही त्यांत आली. त्यामुळे कार्ड न टाकता खालच्या पायरीवर येण्याचा मार्ग रूढ झाला. हा फेरफार बहुधा एका दूरध्वनीत होतो. खाते तेच राहते, म्हणून त्याचे वय पतनोंदीत टिकते, आणि नव्या अर्जाची चौकशी नोंदली जात नाही. नव्या ग्राहकाला मिळणारे स्वागताचे गुण मात्र अशा बदलावर मिळत नाहीत. साठलेले गुण हॉटेलच्या खात्यात असतात, बँकेच्या नव्हे, म्हणून ते बुडत नाहीत. पण बऱ्याच साखळ्यांत बारा किंवा चोवीस महिने हालचाल नसली की ते रद्द होतात, आणि बिनशुल्काच्या कार्डावर केलेली अधूनमधूनची लहान खरेदी तेवढी हालचाल पुरविते. शुल्क नुकतेच लागले असेल, तर अनेक बँका हिशेबपत्रकापासून सुमारे 30 दिवसांत केलेल्या बदलावर ते परत करतात. त्या वर्षाची मोफत रात्र खात्यात जमा झाली आहे की नाही, हे मागणी करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आपल्याकडे डायनर्स क्लब 1961 च्या सुमारास काली मोदी यांनी आणला, तो उद्योगपती आणि बड्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळापुरता. सेंट्रल बँकेने 1980 मध्ये कार्ड काढले, तेव्हा ते बँकेच्या खातेदारापर्यंत पोचले. हॉटेलच्या नावाचे कार्ड भारतात आले 2023 च्या ऑगस्टमध्ये, मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांचे, आणि तेही डायनर्स क्लबच्याच जाळ्यावर, वर्षाला 3,000 रुपये आणि वर कर अशा शुल्काने. ज्यांनी ते घेतले, त्यांनी दरवर्षी शुल्काच्या महिन्यात हिशेब मांडावा: मोफत रात्र खरोखर वापरली का, आणि तिचे भाडे शुल्काहून अधिक होते का. उत्तर नाही असेल तर बँकेला लिहावे. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ती पुरी करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2022 पासून घातले आहे. आणि ज्याच्या कार्डावर महिन्यामहिन्याला देणे शिल्लक राहते, त्याने शुल्काचे कार्ड बरे की बिनशुल्काचे, याचा खल करण्याआधी ते देणे फेडावे. मिनेसोटातील त्या गृहस्थाप्रमाणे त्याचाही खरा खर्च व्याजाच्या रकान्यात आहे.