न पिकवण्याचे पैसे

अमेरिकेतल्या शेती अनुदानाचा विषय निघाला की "तिकडे शेतकऱ्याला न पिकवण्याचेसुद्धा पैसे मिळतात" असं आपल्याकडे कोणीतरी सांगतंच. खरं आहे ते. पण शेतकरी म्हणजे कोण, हे कोणी विचारत नाही. त्यासाठी आर्कान्सा राज्यातल्या पॉइनसेट काउंटीत जायला हवं. (काउंटी म्हणजे जिल्हा आणि तालुक्याच्या मधलं काहीतरी समजा.)

१९३२ साली कापूस पौंडाला सहा-साडेसहा सेंटवर आला होता. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला: पीक कमी करा, भाव वाढेल, आणि कमी केल्याबद्दल सरकार पैसे देईल. पण तोवर कापूस उगवून वर आलेला! मग उभं पीकच नांगरून टाकलं, एक कोटी एकरांहून जास्त. कपाशीच्या ओळीवर पाय द्यायचा नाही असं शिकवलेली खेचरं ओळीवरून चालायला तयार होईनात, असं सांगतात.

भाव वाढला, वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. योजना फसली असं मी म्हणणार नाही.

पण त्या भागातली बरीच जमीन मोठ्या मळेवाल्यांची होती. कसणारे अर्धेलीचे वाटेकरी, काळे आणि गोरेही. घर मालकाचं, खेचर मालकाचं, किराणा दुकान मालकाचं, आणि हिशेबाची वहीही त्याचीच. १९३४-३५ च्या सरकारी करारात पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले चार मालकाला, अर्धा सेंट वाटेकऱ्याला. आणि पेराच कमी झाल्यावर एवढी माणसं ठेवायची कशाला? म्हणून करारात एक कलम होतं की मालकाने शक्यतो कुळं कमी करू नयेत. शक्यतो! सरकारी कागदावरच्या या शब्दाला किती पळवाटा असतात, ते आपल्याला काय सांगायचं? (आपल्या पीएम-किसानचे वर्षाला सहा हजारही २०१९ पासून सातबाऱ्यावरचं नाव बघूनच मिळतात, बटाईने करणाऱ्याला नाहीत. असो.)

टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून कुटुंबं बाहेर काढली गेली. जुलै १९३४ मध्ये तिथल्या शाळेत अठरा जण जमले, अकरा गोरे आणि सात काळे, आणि सदर्न टेनंट फार्मर्स युनियन उभी राहिली. १९१९ मध्ये याच राज्यात एलेनला काळ्या वाटेकऱ्यांनी संघटना केली म्हणून त्यांची कत्तल झाली होती. ते सगळ्यांना ठाऊक असताना हे अठरा जण एका खोलीत बसले, याचंच मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

तिकडे वॉशिंग्टनला शेतीखात्यातल्या काही तरुण वकिलांनी त्या कलमाचा अर्थ वाटेकऱ्यांच्या बाजूने लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यातल्या प्रमुखांनाच घरी पाठवलं गेलं. जानेवारी १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने योजना घटनाबाह्य ठरवली, पण ती वाटेकऱ्यांसाठी नव्हे, शेतीचं नियमन हा राज्यांचा अधिकार म्हणून. अनुदान नव्या कायद्याखाली चालूच राहिलं. मालकांनी त्या पैशातून ट्रॅक्टर घेतले, आणि ट्रॅक्टरला वाटेकरी लागत नाही.

युनियनच्या दोन पुढाऱ्यांपैकी मिचेलचं कपडे धुण्याचं दुकान होतं आणि शेजारीच ईस्टचा पेट्रोल पंप. २००६ पासून त्या इमारतीत वाटेकऱ्यांचं संग्रहालय आहे.